लिनक्स बसवल्यावर नेटवर्क कनेक्शनची नावे नीट लावण्याची कृती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप आणि नवा प्रोसेसर ज्या संगणकांत नाही, असे पुष्कळ संगणक नांदेड-लातूर भागातल्या सेवा केंद्रांत, अभ्यासिकांत आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही धडधाकट आहेत. ते भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवणे केव्हाही चांगले. लिनक्स आपल्याकडे नवखेही नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पाने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटूच निवडले, आणि न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) पुणे केंद्रात तयार झाली.

लिनक्स बसवणे अर्ध्या-पाऊण तासात होते. अडचण त्यानंतर सुरू होते. नेटवर्कच्या यादीत ‘वायर्ड कनेक्शन १’ आणि ‘वायर्ड कनेक्शन २’ अशी दोन नावे दिसतात. त्यांतले फायबरच्या राऊटरकडे जाणारे कोणते आणि आतल्या संगणकांकडे जाणारे कोणते, हे त्या नावांवरून कळत नाही. अंदाजाने एकाची सेटिंग बदलावी, तर नेमके दुसरेच बंद पडते. बसवणारा नांदेडला आणि संगणक देगलूरला किंवा उदगीरला असेल, तर फोनवर ‘दोन नंबरचे बंद करून बघा’ असे सांगून काहीच साधत नाही. म्हणून नाव लावणे हा लिनक्स बसवण्याचाच शेवटचा टप्पा मानावा. तो झाल्याशिवाय काम संपले असे समजू नये.

ही कृती उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा यांसारख्या नेटवर्क मॅनेजर वापरणाऱ्या सर्व प्रकारांना लागू पडते. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकाव्यात.

लागणारे साहित्य

- लिनक्स बसवलेला संगणक आणि त्याचा प्रशासक पासवर्ड
- त्याला जोडायच्या सगळ्या लॅन केबल. आणीबाणीसाठी मोबाइलचे नेट वापरत असाल तर तो फोन आणि त्याची केबल
- कागद, पेन, चिकटपट्टी आणि न पुसणारा मार्कर
- ग्राहकांची किंवा मुलांची गर्दी नसलेला अर्धा-पाऊण तास, कारण मधे नेट बंद-चालू करावे लागते

आधी समजून घ्या : कार्ड वेगळे, कनेक्शन वेगळे

लिनक्समध्ये नावे दोन प्रकारची असतात, आणि बहुतेक गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो.

पहिले नाव कार्डाचे, म्हणजे ज्या पोर्टमध्ये केबल जाते त्या यंत्रभागाचे. पूर्वी ही नावे ईटीएच०, ईटीएच१ अशी असत. चालू होताना जे कार्ड आधी सापडेल ते शून्य, पुढचे एक. संगणक पुन्हा चालू केल्यावर हा क्रम बदलू शकत असे, आणि कालचे शून्य आज एक होई. यावर उपाय म्हणून सिस्टमडी या लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या भागाच्या, जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या १९७ व्या आवृत्तीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. म्हणून आता ईएनपी३एस० यासारखी नावे दिसतात. ती अशी वाचावीत :

- सुरुवातीला ईएन असेल तर केबलचे कार्ड, डब्ल्यूएल असेल तर वायफाय, डब्ल्यूडब्ल्यू असेल तर सिमकार्डवर चालणारे डोंगल किंवा मॉडेम.
- पुढे ओ आणि आकडा असेल, जसे ईएनओ१, तर ते मदरबोर्डवरचेच कार्ड.
- पुढे एस आणि आकडा असेल, जसे ईएनएस१, तर ते त्या क्रमांकाच्या स्लॉटमधले कार्ड.
- पी आणि एस दोन्ही असतील, जसे ईएनपी३एस०, तर पीसीआय बसचा क्रमांक ३ आणि त्यावरची जागा ०.
- एक्स आणि पुढे बारा अक्षरे-आकडे असतील, तर तो त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख. उबुंटू आणि डेबियनमध्ये यूएसबीला लावलेल्या कार्डांना सहसा असे नाव मिळते.

दुसरे नाव कनेक्शनचे. कनेक्शन म्हणजे आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस अशा सेटिंगचा गठ्ठा. तुम्ही काहीच सांगितले नाही, तर नेटवर्क मॅनेजर प्रत्येक केबल-कार्डासाठी असा एक गठ्ठा स्वतः बनवतो आणि त्याला ‘वायर्ड कनेक्शन’ हे नाव व पुढचा आकडा देतो. त्या आकड्याचा पोर्टच्या जागेशी काहीही संबंध नसतो.

सातबाऱ्यावर जमिनीचा गट नंबर असतो आणि घरात त्याच जमिनीला ‘विहिरीकडचे रान’ म्हणतात, तसेच हे आहे. गट नंबर तलाठ्याच्या कामाचा, पण गड्याला पाणी सोडायला सांगताना रानाचे नावच लागते. कार्डाचे नाव यंत्रासाठी राहू द्या. कनेक्शनचे नाव माणसासाठी असते, ते माणसानेच ठेवायचे.

पायरी १ : आहे ती स्थिती लिहून घ्या

टर्मिनल उघडून ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा द्या. चार रकाने दिसतील : कार्ड, प्रकार, स्थिती आणि त्यावर चालू असलेले कनेक्शन. कार्ड आणि कनेक्शन यांची जोडी एका ओळीत दाखवणारी हीच सर्वांत सोयीची आज्ञा आहे. तक्ता कागदावर उतरवा. एलओ ही ओळ संगणकाच्या अंतर्गत वापराची असते, तिला हात लावू नका.

मग ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्या. प्रत्येक कार्डाखाली ‘लिंक/ईथर’ या शब्दापुढे दोन-दोन अक्षरांचे सहा गट दिसतील. हा मॅक पत्ता. तोही त्या-त्या कार्डापुढे लिहा.

पायरी २ : कोणते कार्ड कोणत्या पोर्टचे, ते पारखा

इथे अंदाज चालत नाही, केबल उपसूनच बघायचे. ‘आयपी मॉनिटर लिंक’ ही आज्ञा देऊन ठेवा आणि फायबरच्या राऊटरकडून येणारी केबल संगणकामागून काढा. त्याच क्षणी पडद्यावर एका कार्डाच्या नावाची ओळ उमटेल. तेच बाहेरचे कार्ड. केबल परत लावा आणि आतल्या स्विचकडे जाणारी काढा. आता दुसरे नाव उमटेल. कंट्रोल आणि सी दाबून बाहेर या आणि कागदावर नोंद करा.

केबल काढणे शक्य नसेल तर ‘सुडो ईथटूल -पी ईएनपी३एस० १०’ अशी आज्ञा द्या, अर्थात नाव तुमच्या कार्डाचे घालून. पुष्कळ कार्डांच्या पोर्टवरचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो आणि पोर्ट कोणता ते डोळ्यांनी दिसते.

पायरी ३ : नाव ठरवा

नावात दोन गोष्टी याव्यात : वायर कुठे जाते आणि ती कशासाठी आहे. ‘बाहेर-फायबर’, ‘आत-लॅब’, ‘आत-प्रिंटर’, ‘मोबाइल-यूएसबी’ अशी नावे फोनवर ऐकणाऱ्यालाही लगेच समजतात. कनेक्शनचे नाव देवनागरीतही ठेवता येते, पण आज्ञा देताना ते पुन्हा टंकावे लागते, आणि चित्र नसलेल्या काळ्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही. म्हणून शब्द मराठीच ठेवून अक्षरे इंग्रजी वापरावीत आणि दोन शब्दांमध्ये जागा न सोडता आडवी रेघ द्यावी.

इंटरनेट कंपनीचे नाव शक्यतो घालू नका. कंपनी बदलते, वायरची दिशा तीच राहते.

पायरी ४ : नाव बदला

‘एनएमटीयूआय’ ही आज्ञा द्या. निळा-राखाडी चौकोन उघडेल. त्यात बाणांच्या कळांनी फिरता येते, माऊस लागत नाही. ‘एडिट अ कनेक्शन’ निवडा, यादीतले ‘वायर्ड कनेक्शन १’ घ्या आणि ‘एडिट’ दाबा. सर्वांत वर ‘प्रोफाइल नेम’ असते, तिथे नवे नाव लिहा. आधी खालच्या ‘डिव्हाइस’ ओळीतले कार्ड कागदाशी ताडून बघा. उबुंटूच्या सेटिंगमधूनही हे होते : नेटवर्क, त्यापुढचे चक्र, मग ‘आयडेंटिटी’ हा भाग.

नाव बदलल्याने कनेक्शन तुटत नाही. नेटवर्क मॅनेजर आतून प्रत्येक कनेक्शनला एका लांब ओळख-क्रमांकाने ओळखतो आणि तो क्रमांक तसाच राहतो.

याच पानावर खाली ‘ऑटोमॅटिकली कनेक्ट’ आणि ‘अव्हेलेबल टू ऑल युजर्स’ या दोन्ही चौकटींत खूण असू द्या. दुसरी खूण नसेल तर त्या वापरकर्त्याने लॉगिन करेपर्यंत नेट सुरू होत नाही. लाईट जाऊन आल्यावर आपोआप उठणाऱ्या संगणकावर ही खूण हवीच.

पायरी ५ : कनेक्शन कार्डाला बांधा

नुसते नाव बदलून अर्धेच काम होते. ‘बाहेर-फायबर’ हे कनेक्शन बाहेरच्या कार्डावरच चालेल, अशी गाठ मारावी लागते. गाठ दोन प्रकारे मारता येते.

*एकच संगणक असेल तर मॅक पत्त्याने.* एनएमटीयूआयच्या ‘डिव्हाइस’ ओळीतले कार्डाचे नाव पुसून तिथे मॅक पत्ता लिहा. पुढे संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली, तर पीसीआय बसचे क्रमांक सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चे ईएनपी४एस० होऊ शकते. मॅक पत्ता मात्र कार्डाबरोबरच राहतो. कार्डाचे नाव आणि मॅक दोन्ही लिहून ठेवले, तर दोन्ही जुळल्याशिवाय कनेक्शन चालू होत नाही. म्हणून एकच ठेवा.

*प्रयोगशाळेत एकाच डिस्कची नक्कल अनेक संगणकांवर उतरवणार असाल तर कार्डाच्या नावाने.* मॅक पत्ता प्रत्येक संगणकाचा वेगळा असतो. पहिल्या संगणकाचा मॅक नकलेत गेला, तर बाकीच्या सगळ्यांचे हे कनेक्शन मुके होते आणि त्यांच्या यादीत पुन्हा ‘वायर्ड कनेक्शन १’ उगवते. एकाच मॉडेलच्या संगणकांत कार्डाची जागा सारखी असल्याने नावही सारखे असते, तेच इथे उपयोगी पडते.

पायरी ६ : बाहेरचे बाहेर, आतले आत

‘बाहेर-फायबर’च्या आयपीव्ही४ मध्ये सहसा ‘ऑटोमॅटिक’ पुरते, पत्ता राऊटर देतो.

‘आत-लॅब’साठी दोन वाटा आहेत. आतल्या संगणकांना फक्त प्रिंटर आणि फाइल वापरायच्या असतील तर ‘मॅन्युअल’ निवडून १९२.१६८.१०.१/२४ यासारखा पत्ता द्या, गेटवे रिकामे ठेवा आणि ‘नेव्हर यूज धिस नेटवर्क फॉर डिफॉल्ट राऊट’ या चौकटीत खूण करा. तुमच्या राऊटरचे पत्तेही १९२.१६८.१०ने सुरू होत असतील तर तिसरा आकडा बदला. खुणेची ही चौकट विसरली आणि गेटवेही भरले गेले, तर संगणक इंटरनेट शोधायला आतल्या स्विचकडे जाऊ लागतो आणि फायबर चालू असूनही पान उघडत नाही.

याच संगणकातून बाकीच्यांना इंटरनेट वाटायचे असेल तर ‘शेअर्ड’ निवडा. नेटवर्क मॅनेजर आतल्या संगणकांना १०.४२.० ने सुरू होणारे पत्ते स्वतः वाटतो. हे फक्त आतल्या कनेक्शनवरच करायचे. चुकून बाहेरच्या कनेक्शनवर केले, तर तुमचा संगणक राऊटरच्या बाजूलाही पत्ते वाटू लागतो आणि त्या राऊटरवरच्या इतरांचे नेट बिघडते. नाव आणि गाठ आधी मारून मगच ही पायरी का घ्यायची, ते इथे कळते.

प्रत्येक बदलानंतर एनएमटीयूआयच्या ‘अ‍ॅक्टिव्हेट अ कनेक्शन’ मध्ये जाऊन ते कनेक्शन एकदा बंद करून चालू करा. तोवर जुनीच सेटिंग चालू असते.

पायरी ७ : मोबाइलचे नेट दुसऱ्या फळीत ठेवा

रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की सेवा केंद्राचा दिवस मोबाइलच्या नेटवर निघतो. संगणकात वायफाय असेल तर फोनचा हॉटस्पॉट वापरणे सर्वांत सोपे. हॉटस्पॉटचे नाव ठरलेले असते, म्हणून कनेक्शनचे नावही तेच राहते.

यूएसबी केबलने नेट घेतले तर लिनक्स त्या फोनला केबलचेच कार्ड समजते. फोन दर वेळी नवा मॅक देऊ शकतो, मग कार्डाचे नाव बदलते आणि यादीत नवे ‘वायर्ड कनेक्शन’ येते. त्यासाठी एनएमटीयूआयमध्ये ‘अ‍ॅड’ आणि ‘ईथरनेट’ निवडून मोबाइल-यूएसबी नावाचे कनेक्शन बनवा व ‘डिव्हाइस’ रिकामे ठेवा. मग फोनचे कार्ड कोणत्या अक्षरांनी सुरू होते ते पायरी १ च्या आज्ञेने बघा. समजा ते ईएनएक्सने सुरू होते, तर ही आज्ञा द्या : ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय मोबाइल-यूएसबी मॅच.इंटरफेस-नेम’ आणि पुढे अवतरण चिन्हांत ईएनएक्स व त्याला लागून तारांकन. आता त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कार्डालाच हे कनेक्शन लागेल.

राहिला क्रम. एकाच वेळी दोन रस्ते असले तर लिनक्स मेट्रिकचा आकडा ज्याचा लहान, त्या रस्त्याने जाते. नेटवर्क मॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० देतो. यूएसबीवरचा फोन केबल म्हणून गणला जातो, म्हणून तो फायबरच्या बरोबरीला येऊन बसतो आणि मोबाइलचा डेटा नकळत संपतो. त्यासाठी ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय मोबाइल-यूएसबी आयपीव्ही४.रूट-मेट्रिक ७००’ ही आज्ञा द्या, आणि हीच आज्ञा आयपीव्ही६ लिहून पुन्हा द्या.

पायरी ८ : उरलेला पसारा काढा

‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ या आज्ञेने सगळी कनेक्शन दिसतात. ज्यांच्यापुढे कार्ड नाही आणि जी तुमच्या कागदावर नाहीत, ती एनएमटीयूआयमधून ‘डिलीट’ करा.

एक काळजी घ्या. आपोआप बनलेले कनेक्शन पुसले की नेटवर्क मॅनेजर त्या कार्डाची नोंद ठेवतो आणि पुन्हा आपोआप कनेक्शन बनवत नाही. त्या कार्डासाठी तुमचे नाव दिलेले कनेक्शन नसेल, तर केबल लावूनही काही होत नाही आणि कार्ड जळाले असे वाटते. म्हणून आधी नवे बनवा, चालवून बघा, मगच जुने पुसा.

पायरी ९ : परीक्षा

संगणक पूर्ण बंद करून चालू करा आणि या चार गोष्टी तपासा :

१. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ मध्ये प्रत्येक कार्डापुढे तुम्ही ठेवलेलेच नाव आहे.
२. ‘आयपी रूट’ मध्ये ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी पहिली ओळ बाहेरच्या कार्डाची आहे.
३. बाहेरची केबल काढली की इंटरनेट जाते, पण आतला प्रिंटर चालतो.
४. फोन जोडला की नेट परत येते आणि फायबरची केबल लावल्यावर ‘डिफॉल्ट’ची पहिली ओळ पुन्हा फायबरची होते.

पायरी १० : वायरवर चिठ्ठी, वहीत नोंद

पडद्यावरचे नाव केबलच्या दोन्ही टोकांवर चिकटवा : एक संगणकामागे, दुसरे राऊटर किंवा स्विचपाशी. वहीत चार रकाने पुरतात : कनेक्शनचे नाव, कार्डाचे नाव, मॅक पत्ता, केबल कुठे जाते. खाली बसवल्याची तारीख लिहा.

नेहमीच्या अडचणी

*कार्डाचेच नाव बदलायचे आहे.* बहुधा गरज नसते. एखाद्या सॉफ्टवेअरला ठरावीक नाव लागत असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘सिस्टमडी’च्या ‘नेटवर्क’ फोल्डरात ‘.लिंक’ने संपणारी फाइल करावी. तिच्या ‘मॅच’ विभागात मॅक पत्ता आणि ‘लिंक’ विभागात नवे नाव लिहावे. नाव पंधरा अक्षरांच्या आत असावे आणि ईटीएच० सारखे नसावे, कारण ती नावे कर्नल स्वतः वाटतो आणि टक्कर होते. उबुंटू-डेबियनमध्ये त्यानंतर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ ही आज्ञा देऊन संगणक पुन्हा चालू करावा.

*कनेक्शनची फाइल जुन्या जागी सापडत नाही.* उबुंटू २३.१० पासून नेटवर्क मॅनेजरची कनेक्शन ‘ईटीसी’मधल्या ‘नेटप्लॅन’ फोल्डरात साठवली जातात. फाइल हाताने बदलू नका, एनएमटीयूआयच वापरा.

*वायफायचे एकच नाव यादीत दोनदा दिसते.* पुढे आकडा असलेले दुसरे कनेक्शन पुन्हा जोडताना तयार झालेले असते. चालू कोणते ते पाहून दुसरे पुसा.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांत संगणकशास्त्र शिकणारी मुले आहेत. प्राध्यापकांनी लिनक्सच्या प्रात्यक्षिकात ही कृती एकदा तरी करून घ्यावी. लिनक्सची ओळखच नसेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ मोफत आहेत, तिथून सुरुवात करावी. आणि तुम्ही कुणाच्या संगणकावर लिनक्स बसवून देत असाल, तर या दहा पायऱ्या पूर्ण केल्याशिवाय तिथून उठू नका. तुम्ही गेल्यावर तो संगणक चालवणाऱ्या माणसाला त्या नावांचाच आधार असतो.